निळं काम

यारंबी, नदीकाठचं मैदान
मंगळवार, ५ जून २००१

प्रिय डोरीन हिला वहिनीचा नमस्कार,

वि. वि. अशी की तुझा भाऊ पडला. घाबरू नकोस, जिवंत आहे आणि चहा मागतो आहे. शनिवारी सकाळी आमचं हे चाकांवरचं घर, कॅरव्हॅन, गाडीला जोडायच्या लोखंडी दांड्याला अडखळला. अकरा वर्षं रोज ओलांडतो तोच दांडा. डावा घोटा मोडला. डॉक्टरनं गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हलायचं नाही म्हणून बजावलं. मी म्हटलं, नेव्हिल, दांडा काय रात्रीतून उगवला? तर म्हणतो, उन्हाची तिरीप डोळ्यावर आली. ऐन जूनची थंडी, गवतावरचं दहिवर गोठलेलं होतं आणि याला तिरीप.

अक्षर वाकडं आहे ते सांभाळून घे. पूर्वी पत्रं तोच लिहायचा, पण फेब्रुवारीत तुझ्याकडून निघालो तेव्हापासून धोशा लावलाय, तूच लिही, हात बसेल. गाडीतही तेच. रस्त्यावरची प्रत्येक पाटी मला मोठ्यानं वाचायला लावतो. अकराव्या वर्षी शाळेतून काढून गाईंखाली बसवलेली बाई मी, आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवरा मास्तर झाला. पण खोटं का बोलू, येऊ लागलंय. मोठे मोठे शब्दही न तोडता वाचते. मागच्या महिन्यात एका रेल्वे फाटकाची पाटी वाचायला उशीर झाला, कारण तोंडात बिस्किट होतं. तर त्यानं असा ब्रेक मारला की तुझ्या आईच्या चार बशा फुटल्या. वर मलाच बोलला, लक्ष कुठे होतं म्हणून.

आता खरं संकट ऐक. संडासाची पेटी भरली. तिच्या खुणेचा लाल ठिपका रविवारी वर आला. आम्हा कॅरव्हॅनवाल्यांची वाटणी तुला माहीत आहे. आतली कामं गुलाबी, बाहेरची निळी. स्वयंपाक, अंथरूण, झाडलोट माझी. गाडी हाकणं, टपाल आणणं आणि ती पेटी ओतून येणं त्याचं. पेटीचा कप्पा बाहेरून उघडतो. अकरा वर्षांत मी त्याच्या दाराला बोट लावलेलं नाही. झुडपात ओतता येत नाही, औषधाचं पाणी असतं त्यात. शिवाय एकानं तसं केलं की नगरपालिका मैदान सगळ्यांनाच बंद करते. इथे राहायची परवानगीच मुळी ज्याची घाण त्याच्या पेटीत या बोलीवर आहे. इथला रखवालदार बरा आहे, पाय बघून म्हणाला, राहा हवं तितकं, पण पेटीचं बघा.

म्हणून काल शहर पालथं घातलं. नगरपालिकेच्या खिडकीतल्या मुलीला विचारलं, मैला कुठे ओतायचा. तिनं तोंडावर हात नेला, जसं काही मी पिशवीतून काढूनच दाखवणार होते. नकाशावर तीन फुल्या मारून दिल्या. पहिल्या फुलीवर भोकात सिमेंट. बाकावरचा म्हातारा म्हणाला, कुणी बाळाचे लंगोट कोंबले, तीन वर्षं झाली बंद होऊन, नकाशाला कुणी कळवलं नाही वाटतं. दुसरी फुली जत्रेच्या मैदानात, तिथे बैलांचं प्रदर्शन. फाटकावरचा म्हणाला, आजी, रविवारनंतर या. मी म्हटलं, बाबा, ही वस्तू रविवार पाळत नाही. आत बैल वाटेल तिथे करत होते, त्यांना कुणी नकाशा देत नव्हतं. तिसरी पेट्रोल पंपावर. मालकानं भोकावर टायर रचून ठेवलेत, कुणीतरी सगळं सांडून गेलं म्हणून. मला मात्र त्याच्या संडासात जाऊ देतो. नेव्हिलला बादली आहे. बादलीचं पुढे सांगत नाही, तू जेवत असशील.

तुझा बर्ट नगरपालिकेच्या गाड्या हाकायचा, तेव्हा तुला काही ठाऊक असेल तर कळव. लवकर कळव. उत्तर इथल्या पोस्टात माझ्या नावे ठेवायला सांग, टपाल हल्ली मीच आणते.

लोभ कमी झाला तरी चालेल, उत्तराला उशीर नको.

तुझी,
वाल्मा


टॅलबट
शुक्रवार, ८ जून

प्रिय वाल्मा,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. दांड्याला अडखळला हे मला मुळीच आवडलं नाही. तू हसतेस, पण मला हसू आलं नाही.

आधी पेटीचं. बर्ट म्हणायचा, प्रत्येक गावाला एक भोक असतंच, फक्त ते नकाशावर नसतं. गावाचं सांडपाणी जिथे जातं त्या कारखान्याच्या कुंपणाला बाहेरून एक नळी असते, नगरपालिकेच्या मैला वाहणाऱ्या गाड्यांसाठी. कुणाला विचारू नकोस. वाऱ्याकडे तोंड कर आणि नाक जिकडे नको म्हणेल तिकडे गाडी घाल.

आता माझं ऐक. पाय बरा झाला तरी नेव्हिलला गाडी हाकू देऊ नकोस. तो सत्त्याहत्तरचा आहे. कॅरव्हॅन तिथेच विकून टाका आणि एखादी खोली बघा. घर तुम्ही विकलंत तेव्हाच मी म्हटलं होतं. लोरेन पोटची मुलगी आहे, तिच्या मागच्या खोलीत राहायला काय हरकत आहे? आणि त्याला विचार, माझं एप्रिलचं पत्र मिळालं का. नुसतं एवढंच विचार. उत्तर आलं नाही म्हणून जिवाला घोर आहे.

रागावू नकोस. तुझा राग मला पन्नास वर्षं पुरून उरलाय.

तुझी नणंद,
डोरीन


यारंबी
बुधवार, १३ जून

डोरीन,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, तेवढा तू समजून घे.

तुझ्या नवऱ्याचं नाक खरं निघालं. कत्तलखान्याच्या मागे, उताराला, सांडपाण्याच्या कारखान्याच्या कुंपणाबाहेर नळी आणि शेजारी एक नळ. सोमवारी पेटी कप्प्यातून ओढली. वीस किलोची, आणि आतलं सगळं आमचंच. रखवालदारानं गाडीत चढवून दिली, हाकली मी. तिथे पुढे एक कॅरव्हॅन होती, मागे रंगवलेलं, आयव्हर आणि ग्वेंडा. ग्वेंडाबाईचे हातमोजे कोपरापर्यंत. मला म्हणाली, बाई, एकट्याच? नवरा मेला का? मी म्हटलं, नाही, लोळतोय. तिनं शिकवलं. तोंड फिरवून धर, वरचं बटण दाब म्हणजे हवा जाते, नाहीतर उसळून अंगावर येतं. मी बटण जरा उशिरा दाबलं. माझे तपकिरी बूट आता नाहीत.

धुतली, औषध घातलं, परत आले. पेटी कप्प्यात ढकलली तर आत जाईना. चार बोटं बाहेर राहते. वाकून हात घातला. मागे भिंतीला चिकटपट्टीनं लावलेली पावाची पिशवी सुटून आडवी आली होती. पिशवीत तीन लिफाफे.

मला वाटलं बाई असेल. खरं सांगते, बाई असती तर मी हसले असते. या वयात कोण करणार त्याचं.

पहिला लिफाफा डोळ्यांच्या डॉक्टरचा, दहा जानेवारी. मी पायरीवर बसून वाचला. प्रत्येक शब्द लागला, आणि कुणी लावून दिला नाही. दोन्ही डोळ्यांचं मधलं दिसणं गेलेलं आहे, कडेचं थोडं शिल्लक, परत येणार नाही, वाहन अजिबात चालवू नये. दुसरा परवाना रद्द केल्याचा, बारा फेब्रुवारी. आम्ही सोळाला तुझ्या दारातून निघालो, डोरीन. तू हात हलवत होतीस.

चार महिने. मी मोजलं नाही किती मैल ते, मोजायला भीती वाटते. मालट्रक, पूल, शाळेसमोरचे रस्ते. मी वळण म्हटलं की तो वळला. मी थांबा म्हटलं की थांबला. मला वाटायचं हा मला वाचायला शिकवतोय. मी त्याचे डोळे होते, आणि त्या दिवशी फाटकावर डोळ्यांच्या तोंडात बिस्किट होतं.

दोन दिवस झाले. बसल्या जागी ते फाटक दिसतं. आगगाडी किती लांब होती आठवत नाही. तिचा आवाज आठवतो.

त्याला अजून बोलले नाही. फक्त त्याच्या समोर, हाताभरावर उभी राहिले आणि जीभ बाहेर काढली, चांगली हनुवटीपर्यंत. पन्नास वर्षांत असं केलं असतं तर उशी फेकून मारली असती. माझ्याकडे बघून म्हणाला, पेटी नीट बसली ना गं?

तिसरा लिफाफा बंद होता. त्यावर तुझं अक्षर. मी फोडला. ईस्टरपर्यंत वाल्माला सांगितलं नाहीस तर मी सांगेन, असं लिहिलंयस तू. म्हणजे तुला माहीत होतं. ज्याला वाचता येत नाही त्याला तू धमकी लिहून पाठवलीस, आणि तो मला वाच म्हणू शकत नव्हता, म्हणून ती संडासामागे गेली. बशा तुझ्या आईच्या फुटल्या, बशांच्या जागी मी असते तर तू काय लिहिलं असतंस? लोरेनला?

उत्तर दे. कशाचा लोभ ते नंतर बघू.

वाल्मा


टॅलबट
शनिवार, १६ जून

प्रिय वाल्मा,

पाया पडायची पद्धत आपल्यात नाही, नाहीतर पडले असते.

डॉक्टरकडे मीच नेलं त्याला, नाताळनंतर. दोन्ही पत्रं मीच वाचून दाखवली. तो अंगणातल्या कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बसला आणि म्हणाला, डोर, हिला सांगितलंस तर आमचं संपलं. घर नाही, आहे ते हे चाकांवरचं. हे थांबलं की लोरेनची मागची खोली, आणि वाल्मा तिथे सहा महिन्यांत कुणाचा तरी खून करील किंवा मरेल. आईच्या थडग्याची शपथ घातली. मला वाटलं दोन-चार दिवसांत तो स्वतःच सांगेल. तुम्ही निघालात तेव्हा मी हात हलवत नव्हते, वाल्मा. थांबा म्हणून करत होते. तू उलट हात हलवलास.

पत्राचं म्हणशील तर टपालपेटीत टाकल्यावर रस्त्यातच लक्षात आलं की तो वाचणार कसा. मग वाटलं, बरं झालं, तुलाच वाचायला देईल, म्हणजे मी शपथ न मोडता काम होईल. इतकी मी भित्री.

लोरेनला सांगायचं का? तू म्हणशील तसं. मी आता कुणाच्या वतीनं काही ठरवणार नाही.

रागाच्या तळाशी उरली असेल तेवढ्याच मायेची,
डोरीन


कॉलडेलच्या अलीकडे, पाणवठा
शुक्रवार, २७ जुलै

प्रिय डोरीन हिला नमस्कार. या वेळी लिहिला, बघ.

वि. वि. प्लास्टर निघालं. पाय बारीक झालाय, माणूस तेवढाच आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पावाची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं चाचपली आणि ओळखली. मग म्हणाला, तुझा चेहरा नोव्हेंबरपासून नाही. मधे करडा डाग, कडेनं केस तेवढे दिसतात. मी म्हटलं, नुकसान काही नाही, चेहरा होता तसाच आहे, उतरणीला. मग मी त्याला बोलले. काय बोलले ते लिहिण्याइतकी मला शाळा नाही. शेजारच्या कॅरव्हॅनवाल्यांनी दार लावून घेतलं. मारशील मला, पण सांगून मार, म्हटलं, बिस्किट तरी गिळून घेते. तेव्हा तो रडला. मी चहा केला, कारण दोघांनी रडून पाणी उकळत नाही.

लोरेनला मीच सांगितलं, फोनवर. अपेक्षेप्रमाणे किंचाळली. मागच्या खोलीला नवा रंग देते म्हणाली. मी म्हटलं, दे, पाहुण्यांना होईल. किल्ल्या मात्र माझ्या एप्रनच्या खिशात आहेत, त्या झोपतानाही काढत नाही.

सोळाव्या वर्षी मी दुधाची लॉरी हाकत होते हे तुझा भाऊ सोयीनं विसरला होता. परवाना मी कधी मरू दिला नाही. मैदानावर एक निवृत्त मालट्रकवाला होता, हेक्टर, त्यानं तीन आठवडे रोज सकाळी पिंपं मांडून मला कॅरव्हॅन मागे घ्यायला शिकवली. दोन पिंपं मेली. नेव्हिल खुर्चीत बसून म्हणायचा, हाकणं हे निळं काम आहे. मी म्हटलं, निळं कुठलं आणि गुलाबी कुठलं हे तुला आता दिसतं का?

मंगळवारी निघालो. ताशी सत्तरच्या वर जात नाही. मागे रांग लागते, लागू दे. तो डावीकडे बसतो आणि रस्ता आठवणीतून सांगतो, आता चढ येईल, आता पूल. बहुतेक बरोबर असतो. पाट्या अजून मी मोठ्यानं वाचते, कुणी सांगत नाही तरी. तोंडात काही नसतं. फाटकाआधी मी अर्धा मैल गाडी थांबवते, खाली उतरते आणि दोन्हीकडे बघून येते. तो हसतो. हसू दे.

मागची नावं हेक्टरनं पुसून पुन्हा रंगवली. वाल्मा आणि नेव्हिल. हाकणाऱ्याचं नाव आधी असतं.

तुला त्याला काही गुपित कळवायचं असेल तर सरळ लिही, मी वाचून दाखवीन.

बाकी क्षेम. कामांची वाटणी नव्यानं केली. टपाल माझं, चाक माझं, पाणी माझं. तो बिचारा म्हणाला, मग मी कशाला उरलो? तर काल त्याला नळीपाशी उभं केलं आणि हातमोजे दिले. बटण वेळेवर दाबलं, एक थेंब सांडला नाही. पेटी त्याचीच राहणार, डोरीन. ते काम डोळे मिटून करता येतं, आणि खरं सांगायचं तर मिटूनच करावं.

तुझ्यावर लोभ आहे. किती ते पुढच्या नाताळला, बशा आणशील तेव्हा सांगते.

तुझी वहिनी,
वाल्मा