स्पीकर पडला नव्हता

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
जत्रा बंदोबस्त चौकी, बोरगाव, ता. निपाणी.

अर्जदार : जिनपाल आण्णासाहेब मगदूम, वय ६९, गायनशिक्षक, रा. बोरगाव.

विषय : रविराजचा जबडा अर्जदाराने मोडला असून, भरमा साऊंडवाला यास सोडून अर्जदारावर गुन्हा नोंदवणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराची ता. ९, १० व ११ रोजीची तोंडी कबुली (तिन्ही वेळा चहा पाजून परत पाठवले).

महोदय,

१. रविराज अर्जदाराकडे अकरा वर्षे शास्त्रीय गायन शिकला. हल्ली तो गिटार, ड्रमवाली पोरे घेऊन गुरूच्याच चिजा नव्या ढंगात गातो. ता. ८ रोजी सायंकाळी जत्रेच्या मंडपात आधी त्याचा कार्यक्रम व नंतर अर्जदाराचे गायन ठरले होते. रविराजने शेवटी भैरवी घेतली. भैरवीनंतर मैफल संपते, पुढे कोणी गात नाही, हे त्याला अर्जदारानेच शिकवले होते. लोक उठून गेले. अर्जदार गळ्यातल्या हारासकट पहिल्या रांगेत बसून राहिला.

२. नंतर मंडपामागे रविराज पाया पडण्यास वाकला असता अर्जदाराने माईकचा लोखंडी स्टँड त्याच्या पाठीत घातला. "अण्णा" म्हणून त्याने वर पाहिले, तेव्हा दुसरा फटका तोंडावर बसला. जबडा मोडल्याचा आवाज अर्जदाराने नीट ऐकला. कान अद्याप शाबूत आहेत. तिसरा तो पडल्यावर मारला. त्याची काहीएक गरज नव्हती.

३. झटापटीत तेथील स्पीकर आडवा झाला. धावून आलेल्यांना तो रविराजच्या अंगावर पडला असे वाटले. त्यांनी भरमाला खांबाला बांधून त्याच्याच वायरींनी फोडून काढले. "मी न्हाय वं, मी जनरेटरपाशी हुतो," असे तो ओरडत होता. त्याचा डावा हात मोडेपर्यंत अर्जदार दहा पावलांवर गप्प उभा होता. आता तो कोठडीत आहे. इस्पितळात रविराजने कागदावर 'स्पीकर पडला' असे लिहून दिले आहे, ते खोटे आहे. स्पीकर एकदाच पडतो. जखमा तीन आहेत.

४. हवालदारसाहेब म्हणतात, "अण्णा, तुमच्या हातनं मुंगी मरायची न्हाय. घरला जावा." अर्जदार दिवस मावळल्यावर जेवत नाही, कांदा-बटाटा खात नाही, हे खरे, तथापि तो लई रागीट आहे. सन २०१६ मध्ये कोमल धैवत चुकला म्हणून त्याने रविराजच्या बोटांवर पट्टी मोडली. सन २०१९ मध्ये मोबाईलवर ड्रम लावून चीज म्हटली म्हणून तो मोबाईल वरवंट्याने ठेचला. एवढ्यावर खात्री पटत नसल्यास अर्जदार चौकीत समक्ष मुंगी मारून दाखवण्यास तयार आहे.

५. पूर्वीच्या कबुलीत 'भैरवी बाटवली म्हणून मारले' असे कारण सांगितले होते. ते दुरुस्त करावे. भैरवी बाटली नव्हती. ड्रम थांबवून रविराजने नुसत्या गिटारवर अंतरा घेतला, तेव्हा आकाशपाळण्याच्या रांगेतली माणसेसुद्धा येऊन खाली बसली. अर्जदाराच्या गाण्याला चाळीस वर्षांत कोणी असे बसले नाही. ते अर्जदारास सोसले नाही.

६. तरी भरमास सोडून अर्जदारास अटक व्हावी, तीही गुरुवारच्या आत. गुरुवारी रविराजला घरी सोडणार आहेत. त्याची आई राजाबाई हिने त्याची चिठ्ठी आणून दिली. तोंड तारांनी बांधले आहे, गाता येईना. तोवर शिकवणीला येऊन नुसता ऐकत बसेन, असे त्याने लिहिले आहे. त्याच्यासमोर बसून सा लावण्याची अर्जदाराची छाती नाही.

सोबत : अर्जाचे कन्नड भाषांतर, दोन प्रती.

आपल्या बेडीच्या प्रतीक्षेत, नम्र,
जिनपाल आ. मगदूम
बोरगाव, ता. १३ फेब्रुवारी २०२४