सौंदर्याचा शालू

सौंदर्या,

राजशेखर सांजपतोर कागलला कंपनीत हाय, मीबी भैणीकडं हातकणंगल्याला. तवा सामान न्यायला निवांत ये. तुझा लग्नाचा शालू पलंगावर काढून ठेवलाय.

उघडून बघितला की! काठाची जर काळी पडली न्हाय, एक तार तुटली न्हाय. दर दिवाळीला तू उलगडून नवी घडी घालायचीस, आन् मला हसू यायचं. माझा शालू मी जन्मभर एकाच घडीत ठेवला, त्यो घडीवरच चिरला. हुशार हायस बाई तू.

त्यात डांबरगोळ्या टाकू नगंस, लवंगाच ऱ्हाऊ देत. डब्यात धपाटी हायत, खाऊन जा.

काडीमोड झाला म्हणून मला लाजू नगंस. पुन्हा कधी शालू नेसायची येळ आली, तर निऱ्या धरायला मलाच बोलीव.

तुझी सासू,
शांतव्वा