तळ्यावर ये

चिमणे,

मी पहाटेच निघालोय. आईची प्रेशरची गोळी नाश्त्यानंतर दे.

गेल्या रविवारी तळ्यातला सराव छान झाला म्हणालो, ते खोटं होतं. गर्दीत कुणाची तरी लाथ तोंडावर बसली, नाकातोंडात पाणी गेलं आणि मी बचावाच्या होडीला लटकून राहिलो. आज ट्रायथलॉनमधली नव्वद किलोमीटर सायकल आणि नंतरचं धावणं मी कसंही रेटीन. पण आधी ते दोन किलोमीटर पोहणं आहे, आणि कालपासून माझे हातपाय गार पडलेत. आईला यातलं काही बोलू नकोस.

उगाच दगदग नको, येऊ नकोस, असं मीच म्हणालो होतो. तरी ये. साडेसातच्या आत काठावर उभी राहा. पाण्यातून मान वर काढली की मला आपलं माणूस दिसायला हवं.

बाबा