तिथं दिवस मावळत नाही

१७ जून १९४६, अमरावती
आमच्या देवीदासचं पत्र आलं! लढाईत वायरलेसचं काम शिकला, आता कॅनडाच्या पार उत्तरेला विमानावर आहे. वीस तारखेला बर्फातल्या एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचंय. त्याची आई उभ्याउभ्याच म्हणाली, "त्या दिवशी त्याच्याकडं दिवस मावळल्याबिगर मी घास नाई घेत." नुकती तापातून उठली आहे. पण एका दिवसाचाच उपास, म्हटलं होऊ दे.

१८ जून
पहाटे स्वप्न. सगळी भुई पिंजलेल्या कापसाची. वरून विमानाची सावली जाते — आवाज नाही. जाग आल्यावरही हाताला कापूस लागत होता.

१९ जून
अकोल्याला कमलाकांत मास्तरांकडे गेलो. भिंतीवरच्या नकाशात त्या दोन विमानतळांची गावं वीतभर लांब. मास्तरांनी पृथ्वीचा गोल काढला, दोरा धरला — बोटाचं एक पेर! "खुशालराव, नकाशा वरच्या अंगाला ताणलेला असतो. साडेचारशे मैल. तीन तास." तेवढ्यात आपली पॅसेंजर बडनेऱ्याहून अकोल्याला जेमतेम पोचते. मन हलकं झालं.

मग मास्तर सहज म्हणाले, "सध्या तिथं सूर्य मावळत नाही बरं का. ऑगस्टापर्यंत."

दोरा हातातच राहिला.

परतताना मूर्तिजापूरच्या पुढे सूर्य मावळला. रोजच मावळतो. पण आज खिडकीतून तोंड आत घेववेना.

२० जून
तिला सांगितलं. आधी हसली. "मावळत नाई म्हंजे? सूर्य हाय का जावई, उठाचं नावच नाई घेत!" पण पाण्यावरच आहे. "देवापाशी बोलली मी."

देवासमोर बसलो. जिथं रात्रच नाही तिथं शेजारती केव्हा करायची? देव निजतो तरी केव्हा? की तिथं तो जागाच असतो, सारखा? हा विचार बरा वाटला. त्यातच बराच वेळ बसून राहिलो.

२१ जून
तिचं अंग पुन्हा तापलंय. म्हटलं, "रुख्मिणी, तुझा नवस मी घेतो माझ्यावर. नवऱ्याला चालतं."

"तुमी? एकादशीले दोनदा फराळ लागते तुमाले!"

ऐकत नाही. पेलाभर दूधसुद्धा परत केलं. मास्तरांकडे गेलोच नसतो तर काल दिवेलागणीला जेवली असती.

२२ जून
तार आली. विमान पोचलं नाही. शोध चालू आहे, उजेड असल्यामुळे थांबलेला नाही.

सगळं तिला वाचून दाखवलं. भिंतीला धरून उठली, देवासमोर गेली. "माघारी घेतला म्या नवस. आता मावळू नोको देऊ त्याले."