शरयूने ओलांडलेला घाट

एडिंबरा,
१४ सप्टेंबर १९४९

तीर्थरूप तात्यांना गंगाधरचा साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र परवा पोचले. आईचा गुडघा आता बरा आहे आणि कृष्णेचे पाणी घाटाखाली उतरले, हे वाचून जिवाला बरे वाटले. दवाखान्यामागच्या शस्त्रक्रियेच्या खोलीवर छप्पर चढले, हेही कळले. त्याबद्दल पुढे लिहितो.

शल्यविद्येच्या परीक्षेआधी आठ दिवस सुटी काढून मी आणि शरयू स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत जाऊन आलो. आमच्या घरमालकांनी त्यांची जुनी ऑस्टिन मोटार दिली. या उन्हाळ्यात पेट्रोलचे रेशनिंग थोडे सैल झाले आहे, म्हणून जमले. इथेही गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनेच हाकायची, तेवढे सोपे. पण डोंगरातले रस्ते आपल्याकडच्या बैलगाडीच्या वाटेएवढे. समोरून कोणी आले तर बाजूला होण्यासाठी ठरावीक अंतरावर जागा काढून ठेवलेल्या असतात. गावांची नावे तोंडात मावत नाहीत. वाट विचारली तर आटपाडीच्या बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यासारखे उत्तर मिळते. गाव ‘हे काय, इथंच’ असते आणि निघते नऊ मैलांवर.

तिसऱ्या दिवशी माझा खांदा दुखू लागला, म्हणून पुढे गाडी शरयूने चालवली.

हे वाचून तुम्ही चष्मा काढून ठेवला असेल. आमच्या लग्नानंतर महिन्याभरात ती तुमची फोर्ड गणपतीच्या देवळापर्यंत नेऊन आली होती, तेव्हा तुम्ही जेवताना म्हणालात, “आपल्या घरातल्या सुना मोटार हाकत नाहीत.” ती वाढत होती. मी मान खाली घालून आमटीभात जेवत राहिलो. त्यानंतर तिने सांगलीत कधी चाकाला हात लावला नाही.

पण तात्या, ती शिकली कुठे, तर पसरणीच्या घाटात. वाईला तिच्या वडिलांचा कोंडीबा ड्रायव्हर शेजारी बसून सांगायचा, “ताई, वळान सरंस्तवर बोलायचं न्हाई. गाडी लय मानी असती, तिला दुसरीकडं ध्यान दिल्यालं खपत न्हाई.” ती खरोखरच वळणावर बोलत नाही.

ॲपलक्रॉस नावाच्या समुद्रकाठच्या गावाला जायला एक घाट आहे. कच्चा रस्ता, खडी, एका बाजूला दरी, आणि वळणे अशी की गाडी आपल्याच शेपटीकडे बघते. निम्मा घाट चढलो आणि वरून टपालाची लॉरी आली. तिला मागे सरकायला वावच नव्हता. शरयूने हँडब्रेक ओढला, मागे वळून पाहिले. मी दार उघडून उतरायला निघालो, मागून दिशा दाखवावी म्हणून. ती म्हणाली, “तुम्ही उतरू नका.” मग त्या सगळ्या वळणावरून तिने गाडी उलटी उतरवून नेली, शंभर पावले तरी, बोटभरही घाई न करता. पातळाचा पदर खोचलेला, मान मागे वळवलेली, दातांत खालचा ओठ. लॉरीवाला शेजारून जाताना थांबला. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, “बाई, या रस्त्यावर मी अकरा वर्षं आहे. असं मागं जाणारं कोणी पाहिलं नाही.” तिने मान लववली आणि पहिला गिअर टाकला. तिचे हात मी तेव्हा पाहिले. चाकावर स्थिर होते. मी दाराची मूठ अजून सोडली नव्हती.

१७ सप्टेंबर

तीन दिवस हे पत्र तसेच पडून होते. खांदा दुखला नव्हता.

त्या तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उन्हात मी गाडी चालवत होतो. डाव्या बाजूने एक म्हातारी सायकल हाताने ढकलत रस्त्यावर आली. मला ती दिसलीच नाही. शरयूने झेप घेऊन चाक ओढले, गाडी गवतात जाऊन थांबली. म्हातारीला काही झाले नाही. उलट तिनेच विचारले, “तुम्हांला लागलं नाही ना?” मी शरयूला म्हणालो, ऊन डोळ्यांवर आले. ऊन पाठीमागे होते. ती खाली उतरली, माझ्या बाजूला आली, दार उघडले आणि उभी राहिली. मी सरकलो.

घाटातले तिचे वाक्यही मी वर अर्धेच लिहिले. ती म्हणाली होती, “तुम्ही उतरू नका. डाव्या बाजूची दरी तुम्हांला दिसायची नाही.”

खाली गावात पोचल्यावर आम्ही समुद्राकाठी दगडावर बसलो. मी विचारले, “तुला कधी कळलं?”

“जानेवारीत. दारातल्या बादलीला तुम्ही तिसऱ्यांदा अडखळलात आणि बादलीवरच रागावलात. मार्चमध्ये मी इथला मोटारीचा परवाना काढला.”

“मला बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.”

तात्या, परत आल्यावर नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांची नजर कडेकडून आत बुजत चालली आहे. उपाय नाही. समोरचे अजून काही वर्षे स्वच्छ दिसेल. किती वर्षे, ते त्यांनाही सांगता येत नाही. मी परीक्षेतून नाव काढून घेतले आहे. सुरी मी हातात धरू नये. गेले आठ-नऊ महिने शंका असूनही मी ती धरली. माझ्या हातून कोणाला इजा झाली नाही, त्यात माझे कौशल्य काही नाही, त्या रोग्यांचे नशीब बलवत्तर.

नव्या खोलीसाठी दुसरा शल्यविशारद शोधा. त्या खोलीबद्दल प्रत्येक पत्रात तुम्ही किती कौतुकाने लिहीत होतात, ते मला ठाऊक आहे. नाडी, छाती, पोट मला अजून उत्तम तपासता येते. शिराळा, आटपाडीकडची माणसे सांगलीपर्यंत पोचत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस आपणच तिकडे जावे, असे आम्ही ठरवले आहे. गाडी शरयू चालवील. ही परवानगी मागत नाही, कळवतो आहे. तुमच्याशी या भाषेत पूर्वी कधी बोललो नाही. चार वर्षांपूर्वी, त्या जेवणाच्या वेळी, बोलायला हवे होते.

ती मला कशी सांभाळून घेते, ते लिहायला बसलो तर दुसरे पत्र लागेल. एवढेच सांगतो, की परतीच्या तीनशे मैलांत तिने एकदाही माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले नाही. नकाशा माझ्या मांडीवर दिला आणि वाट चुकलो तेव्हा मला चांगली रागावली.

नोव्हेंबरात आम्ही मुंबईला उतरू. आईला मात्र तुम्हीच सांगा. तिच्या नावाने कागद घेतला की माझ्याने मायन्यापुढे लिहवत नाही.

तुम्ही मनात धरलात तसा न झालेला, पण तुमचाच,
गंगाधर