घमेल्यातलं हिरवं पाणी

नागपूर, रविवार, २० एप्रिल २०२५

ती. बाबांना सा. न. वि. वि.

दोन महिने पत्र नाही, त्याची आधी माफी मागते. कॉलेजच्या परीक्षा होत्या हे खरं, पण रोज नव्हत्या हेही खरं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. पत्राशिवाय मार्ग नाही हे माहीत असून टाळत राहिले, आणि या आठवड्यात तर बातमीही चांगली नव्हती. तुमची गाडी तापते.

दिवाळीत किल्ली देताना तुम्ही एवढंच म्हणाला होतात, की वरून पुसली नाही तरी चालेल, आतलं पाणी बघत जा. मी रोज पुसली आणि झाकण एकदाही उघडलं नाही. मागच्या रविवारी न कळवता तुमच्याकडे यायला निघाले, तर कळमेश्वरच्या पुढे तापमानाचा काटा वर चढला. अर्धा तास झाडाखाली थांबून परत फिरले.

अक्षय्य तृतीया ३० तारखेला आहे, सणाला तुम्हाला इकडे आणायचं आहे. बसेन तर माझ्याच गाडीत, ही तुमची अट मला पाठ आहे. हे म्हणतात गॅरेजमध्ये टाक. पण ज्या गाडीची हेळसांड मी केली तिचं आतलं पाणी, म्हणजे कूलंट, मीच बदलावं असं वाटतं. हा प्रामाणिकपणा आहे की मिरवायची हौस, ते अजून ठरलेलं नाही. कसं करायचं ते लिहाल का? शेजारचे उन्मेष रोज काटोलच्या कचेरीत अप-डाउन करतात, पत्र त्यांच्याच हाती द्या.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.
आपली देवकी

काटोल, सोमवार, २१ एप्रिल

चि. देवकीले अनेक आशीर्वाद.

मी समजलो होतो पोरगी प्रोफेसरीण झाली, बापाले विसरली. गाडी तापली म्हणून बाप आठवला. गाडीचे उपकार.

आता नीट वाच. डेपोत तीस वर्षं एसट्या थंड केल्या, पण गरम इंजिनाचं झाकण कधी उघडलं नाही. ज्यानं उघडलं त्याच्या तोंडाची साल निघाली. म्हणून इंजिन पुरं थंड होऊ दे, तीन-चार तास. मंग वरचं झाकण काढ. रेडिएटरच्या खालच्या नळीची क्लिप पक्कडीनं सरकव, खाली पसरट भांडं ठेव, आणि नळी ओढ. हिसका देऊ नको, जुनी आहे, माझ्यासारखी. पुरं निथळलं की साधं पाणी घालून एकदा खंगाळ. नळी बसव, क्लिप घट्ट कर. नवं कूलंट अर्धं आणि बॅटरीत घालतात ते पाणी अर्धं. नळाचं घालू नको, आत खार धरते. भरून झालं की झाकण उघडंच ठेवून गाडी चालू कर, हिटर पुरा लाव. बुडबुडे येतील, त्यायले येऊ दे. पातळी उतरली की अजून घाल. बुडबुडे थांबले की झाकण लाव.

भिऊन राहिली असशील तं भिऊ नको वं. हात काळे झाल्याशिवाय गाडी आपली होत नाही.

जावईबापूले आशीर्वाद, विहीणबाईले रामराम. इकडे मी आणि माझा खोकला दोघंही मजेत.
तुहा बाबा

नागपूर, शुक्रवार, २५ एप्रिल, सकाळ

ती. बाबांना सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी सगळं तुमच्या पत्राबरहुकूम केलं. दोन ठिकाणी हात खरचटला. बुडबुडे थांबले तेव्हा मी एकटीच हसले. पण हे पत्र त्यासाठी नाही.

गाडीखाली सरकेल असं पसरट भांडं घरात एकच होतं, फाटकाबाहेर गाईसाठी पाणी ठेवतो ते घमेलं. ते वापरलं. जुनं कूलंट अर्ध्याहून वर भरलं, हिरवं, सांडेल म्हणून हलवलं नाही. सकाळी कॅनमध्ये ओतू असं ठरवून फाटकाजवळ तसंच ठेवलं.

आज सकाळी कॅन घेऊन गेले तर घमेलं रिकामं. भिंतीला टेकवून पालथं. आणि शेजारच्या गोठ्यातल्या भैय्याजींची गाय कपिला, गाभण, दिवस भरत आलेली, नेहमीसारखी फाटकाशी उभी.

मग तुमचं पत्र पुन्हा काढलं. अंतर्देशीय पत्र तुम्ही हातोहात पाठवतानाही भाताच्या शितानं चिकटवता, आणि जागा संपली की दुमडायच्या पट्टीवर लिहिता. मी घाईत ती पट्टीच फाडून उघडलं होतं. पट्टी टेबलाच्या खणात सापडली. तिच्यावर लिहिलं होतं: हे पाणी गोड लागते, जनावर चाटते आन् मरते, लगेच झाकणाच्या डब्यात भर.

बाबा, आयुष्यभर तुमची पत्रं मी अशीच उघडत आले का?

भैय्याजींना लगेच जाऊन सांगितलं. लगेच म्हणजे फाटकापासून त्यांच्या गोठ्यापर्यंत चाळीस पावलं, आणि त्यात दोनदा थांबले. ते रागावले नाहीत, तेच कठीण गेलं. कपिलेचं तोंड हुंगलं, तिला बांधलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी सुई दिली आणि उद्यापर्यंत डोळ्यांसमोर ठेवायला सांगितलं. भैय्याजी म्हणाले, मुकं जनावर आहे, तिले इचारता येत नाही. सफाईवाल्याला, दूधवाल्याला, समोरच्या घरी, सगळीकडे मी विचारून आले. कोणी काही पाहिलं नाही.

इकडच्या आईंना सांगितलेलं नाही. गाईच्या घमेल्याला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम आहे. सकाळपासून घरभर गोडसर वास येतो आहे, की माझ्याच हातांना आहे, कळत नाही. उन्मेष थांबले आहेत, म्हणून पुरे करते.

लोभ मागायचा हक्क आज नाही. तरी असू द्या.
देवकी

काटोल, शुक्रवार, २५ एप्रिल

चि. देवकीले आशीर्वाद.

तू रडून राहिली असशील, म्हणून उन्मेषले ओट्यावर बसवून लिहितो. त्याले चहा दिला आहे, घाई नाही.

पाणी हरवत नाही वं बाई, जागा बदलते. ज्या गाडीचं पाणी कमी होते, तिच्याखाली कुठं ना कुठं ओल रायतेच. आता तूच लिहिलेलं तूच वाच. घमेलं पालथं होतं, भिंतीले टेकवलेलं. गाय पाणी पिते, पण भांडं पालथं घालून भिंतीले टेकवत नाही. एवढी शिस्त तं माह्या डेपोतल्या पोरायलेही नव्हती. तो हात शोध. साऱ्या मोहल्ल्याले इचारलं म्हणते, घरात इचारलं का?

तुहा बाबा

नागपूर, मंगळवार, २९ एप्रिल

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र या वेळी सुरीनं, कडेकडेनं उघडलं आणि आधी पट्टी वाचली. "पह्यले भैय्याजीले सांगितलं, मंग मले. म्हणून गाडीत बसीन." ती ओळ मी वहीत चिकटवली आहे.

आमच्या घरात भांडी पालथी घालणारा हात एकच. आईंपुढे जाऊन उभी राहिले. घमेलं मी घेतलं होतं हे आधी सांगितलं, मग विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मले कोणी इचारलं का?"

पहाटे त्या नेहमीप्रमाणे कूलर भरायला उठल्या होत्या. आरओचं टाकाऊ पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, आमच्याकडे सगळं कूलरच्या टाकीत जातं, थेंब वाया जात नाही. घमेल्यातलं पाणी हिरवं दिसलं. शेवाळलेलं गाईला कसं द्यायचं आणि फेकायचं तरी कसं, म्हणून त्यांनी ते कूलरमध्ये ओतलं. म्हणजे शुक्रवारी दिवसभर मी गाईसाठी रडत होते, आणि ते पाणी आमच्याच खोलीत मला वारा घालत होतं.

टाकी त्याच संध्याकाळी उपसली. ते पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला दिलं, टाकी तीनदा धुतली, गवताच्या ताट्या नव्या बसवल्या. आई म्हणतात, हवा मात्र बेस येत होती. मी नियम मोडला त्यावर त्यांनी फाटकाबाहेर नवं घमेलं आणून ठेवलं, एवढंच.

भैय्याजींना त्याच पावली सांगायला गेले. या वेळी थांबले नाही. ते इतके हसले की कपिलेनं मान वळवून पाहिलं. रविवारी ती व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका. आज त्यांनी चिकाचं भांडं पाठवलं. आईंनी खरवस केला आहे, तुमच्या वाट्याचा झाकून ठेवला आहे.

आणि गाडी काल कळमेश्वरपर्यंत जाऊन आले. काटा मधोमध. तुमचा खोकला सोबत आणा, पण औषधही आणा. लोभ आहेच, तो आता पट्टीवर नको, मोठ्या अक्षरात वरच लिहा.
तुमची देवकी

ता. क. वहीत उद्याच्या पानावर एकच काम लिहिलं आहे, ते तुम्हालाही कळवते. उद्या: निघण्याआधी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून पाणी बघणे.