घरात एकीला गाडी लागते

नाना,

मी गाडी घेतली. हे सगळ्यांत आधी तुम्हाला सांगायचं होतं, पण तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या वेळच्या बहुतेक गाड्या भंगारात गेल्या आणि जळगाव-धुळे रस्ता तुम्हाला ओळखू येणार नाही इतका रुंद झाला. कोणती घेतली ते ऐकलंत तर आधी हसाल. लाल नाही, लांब नाही, दोन दारांची तर नाहीच नाही. उंच, आखूड आणि राखाडी. माझ्या ऑफिसातल्या पोरी तिला पोळ्यांचा डबा म्हणतात. लहानपणी प्रत्येक वहीच्या कव्हरवर जमिनीला टेकलेल्या, बेडकासारख्या बसलेल्या परदेशी गाड्या चिकटवणारी तुमची मुलगी, आजही जेवताना मोबाइलवर तसल्याच गाड्यांचे आवाज ऐकणारी, तिने शेवटी हा डबा घेतला. लोकांना वाटतं, वय झालं, अक्कल आली. खरं कारण तुम्ही आहात, आणि ते या लोकांना सांगून कळायचं नाही.

तुम्ही धुळ्याला शाळेत चित्रकला शिकवायचात आणि तुमच्याकडे एक स्कूटर होती. पुढे उभी मी, मध्ये तुम्ही, मागे पिशवी सांभाळत आई, हे आपलं वाहन. तरी आपल्या कॉलनीत आणि आपल्या नात्यागोत्यात कोणाला गाडी घ्यायची झाली की पहिला निरोप तुम्हाला. इंजिन बघायला मेकॅनिक न्यायचे आणि बसून बघायला मास्तरला. इंजिनातलं तुम्हाला काही कळत नव्हतं, आणि तसं तुम्ही सरळ सांगायचात. दुकानातला माणूस अदबीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून उभा राहायचा आणि तुम्ही त्याला वळसा घालून मागच्या दाराकडे जायचात. मागे बसायचात, गुडघे पुढच्या सीटला लागतात का बघायचात, डोळे मिटून टेकून बसायचात. घेणारा पुढे बसून भुलतो, असं तुमचं म्हणणं. स्टेअरिंग हातात आलं की त्याला मागची माणसं दिसत नाहीत, म्हणून गाडी नेहमी मागच्या सीटवरून घ्यावी.

पारोळ्याकडचे आपले एक नातेवाईक, कापसाचं साल चांगलं गेलेलं, जळगावला गाडी घ्यायला निघतात ती सकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते. आपण दोघं त्यांच्याबरोबर आहोत आणि तुमच्या हट्टापायी त्यांची म्हातारी आईही आहे, नऊवारी, हातात काठी, शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर पाऊल टाकायला घाबरलेली. नातेवाइकांचं मन एका मोठ्या काळ्या गाडीवर बसलेलं आहे. तुम्ही मागचं दार उघडता आणि म्हातारीला म्हणता, "आक्का, चढा." ती कशीबशी चढते. "आते उतरा." ती उतरते. "आखो चढा." दुसऱ्यांदा चढताना तिचं लुगडं पायात येतं आणि ती दाराला धरून नुसती उभी राहते. शोरूममधली पोरं तोंड फिरवून हसतात. नातेवाईक वैतागतात, "मास्तर, गाडी मी चालाडसू का माय?" तुम्ही शांतपणे म्हणता, "तू चालाडशी. पन दवाखानामा कोन जाई?" त्या दिवशी काळी गाडी तिथेच राहिली. दुसरी, कमी तोऱ्याची गाडी आली, म्हातारी तिच्यात एका दमात चढली आणि आत बसल्या बसल्या तिने निकाल दिला, "मास्तर, हाई गाडी बेस शे." परतीच्या वाटेवर कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलंच, आंडेरले कशाले फिरावतस गाड्या दखाले. तुम्ही म्हणालात, "तिले मनापेक्षा जास्ती समजस." तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, हे साफ खोटं होतं. पण त्या खोट्यावर मी पुढे कितीतरी वर्षं काढली.

तुम्ही मला रागावलात तेही गाडीवरूनच, आणि एकदाच. अशाच कोणाच्या तरी गाडीचं दार मी धाडकन लोटलं. घरी आलो. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, तिच्यासमोर मला उभं केलंत आणि म्हणालात, "गाडी आपली नाही ना? मग दार जास्त हळू लावायचं." एवढंच. त्या दिवसापासून रिक्षातून उतरतानासुद्धा मी जपून उतरते, आणि रिक्षाला तर दारच नसतं.

कॉन्टेसा गाडीबद्दल मी कधी कोणाशी बोलले नाही. जळगावच्या एका सराफाची होती, सायीच्या रंगाची, चार दिव्यांची, मागे डिकी अशी लांब की त्यात आपलं स्वयंपाकघर मावलं असतं. तिचा ड्रायव्हर तुमचा जुना विद्यार्थी. जळगावला गेलो की आपण काहीतरी निमित्त काढून त्या गल्लीतून जायचो आणि समोरच्या बाजूला उभे राहायचो. तुम्ही नुसतं बघायचात. मग एके दिवशी तो ड्रायव्हर म्हणाला, शेठ ही काढताहेत, मास्तर तुम्हीच घ्या. आणि नाना, तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत. ती पेट्रोल फार पिते असं कोणी म्हटलं तर म्हणायचात, पिऊ दे की, तिला रोज कुठे पाजायचंय. तुम्ही मनाने ती घेतलीच होती, मला माहीत आहे. संध्याकाळी अंगणात तुम्ही पावलं टाकून लांबी मोजत होतात.

त्याच दिवसांत पिंपळनेरला मावशीकडचं लग्न आलं. भाड्याची जीप, पुढे तुम्ही, मागे बायका-पोरं. आईला गाडी लागायची हे घरात सगळ्यांना पाठ होतं. तुमच्या शर्टाच्या खिशात तिच्यासाठी लिंबू असायचंच, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून तुम्ही विचारायचात, "लागतेय का?" त्या दिवशी साक्रीच्या पुढे तिला फार लागली. जीप थांबवून तुम्ही रस्त्याकडेला तिच्याजवळ उकिडवे बसलात, तिच्या हातावर पाणी घातलंत, पाठ चोळलीत. चार माणसांत नवऱ्याने बायकोची पाठ चोळावी असे ते दिवस नव्हते, मागची बाई पदराआड हसली, पण तुमचं लक्ष नव्हतं. पुढच्या खेपेला जळगावला त्या विद्यार्थ्याला तुम्ही सांगितलंत, "नको रे. घरात एकीला गाडी लागते." मी तुमचं बोट धरून उभी होते. तुमच्या आवाजात कुरकुर नव्हती, पाऊस आहे म्हणून आज निघत नाही असं सांगावं तसं तुम्ही सांगितलंत. त्या दिवाळीला मला फटाक्यांऐवजी एक चित्र मिळालं, मोठ्या कागदावर कॉन्टेसा, सायीचा रंग अगदी जुळवलेला, आणि मागचं दार उघडं. दार उघडं का, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "आई बसायची आहे अजून." ते चित्र माझ्या जळगावच्या घरात आहे. मला तुमच्याइतका मोठा माणूस पुढे भेटला नाही, हे तुम्ही असताना सांगायचं राहून गेलं.

आता माझ्या गाडीचं. नाशिकला एक जर्मन सेडान विकायला होती, वापरलेली पण राखलेली, गडद निळी. ती पाहिली आणि मी दोनदा तिच्याभोवती फिरले. माझ्या ऐपतीत बसत होती, एवढ्याचसाठी नोकरीत मान मोडून काम केलं होतं. मालकाने किल्ली पुढे केली आणि मी, काय सांगू, वळसा घालून मागच्या दाराकडे गेले. बसले तर गुडघे हनुवटीपाशी आणि अंबाडा छताला. उठताना मलाच हात द्यावा लागला. आईचे गुडघे तर आता कामातून गेलेत. ती एसटीची पायरी चढू शकत नाही, आणि तिकडे पिंपळनेरला मावशी अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलतात. मावशी विचारते, कधी येशी, आणि आई म्हणते, येसू. गाडी करून नेते म्हटलं तर तिचं ठरलेलं, "माले गाडी लागस." मावशीचं काही खरं नव्हतं, आणि बहिणीला न भेटता ती गेली असती तर आईने ते कोणाला न सांगता आयुष्यभर उरी बाळगलं असतं. तरीही निळी गाडी मनातून जाईना. मग एका रविवारी धुळ्याला आईकडे आले, तुम्ही म्हातारीला नेलंत तशी आईला शोरूममध्ये नेली आणि डब्याच्या मागच्या सीटवर चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. तिथला पोरगा शेवटी काकुळतीला आला, "मॅडम, एकदा ड्रायव्हर सीटवर तरी बसून बघा." मी बसलेच नाही.

पिंपळनेरला निघालो तो दिवस. दारात गाडी, चाकांखाली लिंबं, एक लिंबू आईच्या मुठीत, मांडीवर धरायला ज्वारीच्या पापडांची, बिबड्यांची पिशवी. मी मागचं दार उघडलं. सीटवरचं प्लास्टिक अजून तसंच, नवं. आई दाराशी आली आणि थांबली. मला वाटलं, भ्याली. ती हळूच म्हणाली, "मी पुढे बसू का?"

कुसुंबा गेलं, नेर गेलं. मी सारखी तिच्याकडे बघतेय आणि ती समोर बघतेय, पाट्या वाचतेय, कोणाच्या वावरात काय लावलंय ते सांगतेय. साक्रीला विचारलं, लागतेय का? "नही." साक्रीच्या पुढे, तुम्ही जीप थांबवली होती त्याच रस्त्यावर, ती म्हणाली, "बठ्ठी जिंदगी मांगे बसनू. मांगे बसनं का मळमळस. पुढे काहीच व्हत नही, दख." मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, मग नानांना कधी सांगितलं का नाहीस? तिने लिंबू या हातातून त्या हातात घेतलं. "त्यासले पुढे बसानी हाऊस व्हती. पुढे बसनात का पोऱ्यासारखं तोंड व्हई जाये त्यासनं. मी काय सांगू?"

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. मी तिला कॉन्टेसाचं सांगितलं नाही, नाना. कधीच सांगणार नाही. मावशीच्या खाटेशी दोघी बहिणी कितीतरी वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. मावशीने विचारलं, कशी उनी? आई म्हणाली, "गाडीमा. पुढे बसीसन." आणि लाजली.

तुमचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. मागे कोण बसतं याचा विचार करणारा तुमच्याशिवाय दुसरा कोणी मी पाहिला नाही. फक्त एकदा मागे वळून, लागतेय का, याऐवजी, पुढे येतेस का, असं विचारलं असतंत तर ती सायीच्या रंगाची गाडी आपल्या अंगणात उभी राहिली असती, आणि तुम्ही हसत मागे जाऊन बसला असतात, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

हे कागद मी घडी करून चित्राच्या चौकटीमागे ठेवणार आहे, यापुढे त्यांना जायला जागा नाही. आणि एक सांगायचं राहिलं. मागच्या सीटवरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही. आईला धुळ्याला सोडून मी एकटी जळगावला परतते तेव्हा पारोळा मागे पडलं की आरशात न बघता विचारते, नाना, लागत नाही ना?